घरी रेडिओ बांधण्याची कला संपली, असे म्हणण्यापूर्वी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत हौशी रेडिओवर, म्हणजे हॅम रेडिओ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छंदावर, अलीकडे एक लेख प्रसिद्ध झाला. पूर, भूकंप किंवा चक्रीवादळात मोबाइलचे मनोरे बंद पडले की हॅम मंडळी संपर्क कसा टिकवून धरतात, याची त्यात चांगली माहिती होती. मात्र लेखाच्या शेवटी, पूर्वी हे लोक आपली यंत्रे घरीच बांधत, आता सगळे तयार मिळते आणि ती कला इतिहासजमा झाली, अशा आशयाचे एक विधान होते. हे मत एकट्या त्या लेखकाचे नाही. जुन्या हॅमच्या गप्पांतही ते वारंवार ऐकू येते. या छंदात बराच काळ घालवलेला आणि आजही सोल्डरिंग आयर्न टेबलावरून न हललेला एक परवानाधारक म्हणून मला ते पटत नाही. घरी बांधण्याचे काम थांबलेले नाही. त्यातला हाताने करायचा भाग दर पिढीला जागा बदलत गेला आहे, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांतला सर्वांत मोठा बदल सुट्या भागांतला नसून मोजमापाच्या साधनांतला आहे, हे लक्षात न घेतल्यामुळे हा गैरसमज होतो.

सुरुवातीच्या काळात बांधण्याला पर्यायच नव्हता, कारण विकत घेण्याजोगे फारसे काही अस्तित्वातच नव्हते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला छांदिष्ट इंडक्शन कॉइल, काचेच्या बरणीला आतून-बाहेरून धातूचा वर्ख लावून केलेला कंडेन्सर आणि दोन धातूच्या टोकांमधली ठिणगी एवढ्यावर आपला प्रक्षेपक उभा करी. ठिणगी पडली की तारेत लहरी उठत आणि लगेच विरून जात. अशा विरत्या लहरींची शक्ती एका वारंवारतेवर न राहता रुंद पट्ट्यात पसरते, त्यामुळे एकाने कळ दाबली की परिसरातल्या बाकीच्यांना थांबावे लागे. ऐकण्यासाठी गॅलिना या शिशाच्या खनिजाचा खडा आणि त्यावर टेकवलेली बारीक तार असे. खड्यावरचा संवेदनशील बिंदू सापडेपर्यंत तार इकडेतिकडे टेकवत राहायचे, आणि टेबलाला धक्का लागला की शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू. या साऱ्या गोंधळाला आवर घालण्यासाठी अमेरिकेने १९१२ च्या कायद्याने हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याहून कमी तरंगलांबीवर नेऊन ठेवले. या लघुलहरी दूरच्या संपर्काला निरुपयोगी आहेत, अशी तेव्हाच्या जाणकारांची समजूत होती.

ती समजूत घरी बांधलेल्या यंत्रांनीच खोडून काढली. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हा अमेरिकी हॅम स्कॉटलंडमधल्या आर्ड्रॉसन येथे तंबू ठोकून बसला, सुमारे ४०० मीटर लांबीची तार त्याने कमी उंचीवर ताणली आणि कनेक्टिकटमधील ‘१ बीसीजी’ या हौशी केंद्राचा संदेश टिपून घेतला. त्या केंद्राचा प्रक्षेपक ठिणगीचा नव्हता, व्हॉल्व्हचा म्हणजे निर्वात काचनळीचा होता. व्हॉल्व्हमुळे अखंड, एकाच वारंवारतेची लहर मिळत होती आणि तीच अटलांटिक पार करून स्वच्छ ऐकू आली. त्यानंतर ठिणगीचे दिवस भरले हे कोणी सांगण्याची गरज उरली नाही. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधल्या नीस येथील लिओन देलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांच्यात १०० मीटरच्या आसपास दुतर्फा संपर्क झाला. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूझीलंडमधील फ्रँक बेल याचा लंडनच्या मिल हिल शाळेतल्या सेसिल गॉयडर या विद्यार्थ्याशी संवाद झाला. याहून फार लांबचे अंतर पृथ्वीच्या पाठीवर उपलब्धच नाही. हाच गॉयडर पुढे ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता झाला, ही गोष्ट अधिक लोकांना ठाऊक असायला हवी असे मला वाटते. निरुपयोगी म्हणून हौशी लोकांच्या पदरात टाकलेल्या लहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परावर्तित होऊन जगभर पोहोचतात, हे अशा लोकांनी आपल्या टेबलावरच्या यंत्रांनी प्रत्यक्ष दाखवून दिले.

त्यानंतरचा व्हॉल्व्हचा काळ घरी बांधणाऱ्यांचा सुवर्णकाळ मानला जातो आणि त्यात तथ्य आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्याची चासी, सॉकेटसाठी तिला पाडलेली गोल भोके, खालच्या बाजूला टॅगस्ट्रिपवर जोडलेले रेझिस्टर आणि कंडेन्सर, वर ६ एल ६ किंवा ८०७ यांसारखे व्हॉल्व्ह आणि एका कोपऱ्यात जड ट्रान्सफॉर्मर, हे चित्र त्या पिढीच्या डोळ्यांसमोर अजून आहे. या कामात सुतार, लोहार आणि वीजतंत्री अशा तिघांचे कसब लागे. जोखीमही खरी होती. प्लेटला चारशे ते सातशे व्होल्ट दिलेले असत, आणि वीज बंद केल्यानंतरही फिल्टर कंडेन्सरमध्ये जीवघेणा प्रभार टिकून राही. म्हणून चालू यंत्रात हात घालताना दुसरा हात खिशात ठेवावा, ही शिकवण प्रत्येक नवशिक्याला पहिल्याच दिवशी मिळे. आजचे बहुतेक घरगुती बांधकाम १२-१३ व्होल्टवर चालते. जुन्या यंत्रांविषयी हळहळताना या एका बदलाबद्दल आपण कृतज्ञ असले पाहिजे.

पण त्या सुवर्णकाळात मोजण्याची साधने किती तुटपुंजी होती, हे सहसा कोणी सांगत नाही. प्रक्षेपक नेमका कोणत्या तरंगलांबीवर चालला आहे हे पाहण्यासाठी लेकर तारांची पद्धत वापरली जाई. दोन तारा समांतर ताणायच्या, एका टोकाला प्रक्षेपकाची ऊर्जा जोडायची आणि तारांवर एक आडवी धातूची पट्टी हळूहळू सरकवत न्यायची. ठरावीक जागी पट्टी आली की शेजारी धरलेल्या लहान बल्बच्या प्रकाशात ठळक फरक पडे. तिथे खूण करायची, पट्टी पुढे सरकवायची, तोच फरक पुन्हा दिसला की दुसरी खूण करायची. दोन खुणांमधले अंतर म्हणजे तरंगलांबीचा निम्मा भाग. १४४ मेगाहर्ट्झसाठी ते एक मीटरहून किंचित जास्त येते आणि साध्या मोजपट्टीने मोजता येते. या पद्धतीचे सौंदर्य मला आजही मोहवते, पण तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. पुढे ग्रिड डिप मीटर आला. त्याची कॉइल एखाद्या मंडलाजवळ, म्हणजे सर्किटजवळ, धरून तबकडी फिरवली की अनुनादाच्या जागी काटा खाली पडे. एवढ्या साधनांवर लोकांनी उत्तम प्रक्षेपक बांधले खरे, परंतु त्यातून मुख्य लहरीबरोबर आणखी काय काय बाहेर पडते आहे, हे बांधणाऱ्याला पाहता येत नसे. पन्नासच्या दशकात पाश्चात्त्य देशांत घरोघरी दूरचित्रवाणी संच आले, हौशी प्रक्षेपकांच्या गुणित लहरी म्हणजे हार्मोनिक थेट त्यांच्या वाहिन्यांवर पडू लागल्या आणि शेजाऱ्याच्या पडद्यावरच्या रेघा हेच अनेकांचे पहिले मोजमाप ठरले. त्या कटू अनुभवातून हॅम मंडळी शील्डिंग आणि लो-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक वारंवारतेच्या वरच्या लहरी अडवणारी गाळणी, यांचे महत्त्व शिकली.

त्या काळातली एक कारागिरी तपशिलाने सांगण्याजोगी आहे, कारण ती आता जवळजवळ लुप्त झाली आहे. वारंवारता स्थिर ठेवण्यासाठी क्वार्ट्झचा स्फटिक वापरत. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी साठ्यातले असे असंख्य स्फटिक बाजारात आले, पण ते हव्या त्या वारंवारतेचे नसत. त्यांची चपटी डबी तीन स्क्रू काढून उघडता येई. आतली चकती ७ मेगाहर्ट्झसाठी जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची असे. काचेच्या तुकड्यावर कार्बोरंडमची बारीक भुकटी पाण्यात कालवून त्यावर ती चकती एका बोटाच्या हलक्या दाबाने फिरवायची, धुवायची, कोरडी करायची, डबीत बसवून वारंवारता तपासायची आणि पुन्हा घासायची. जाडी कमी झाली की वारंवारता वाढते, त्यामुळे घासणे जास्त झाले तर मागे फिरता येत नसे. मग चकतीवर शिसपेन्सिलीची रेघ ओढून तिच्या वजनाने वारंवारता जराशी खाली आणायचा उपाय उरे. बोटांना आलेली ही जाण कोणत्याही पुस्तकातून येत नाही. ती हरपली याचे दुःख मलाही आहे. परंतु त्या कारागिरीचा हेतू स्थिर वारंवारता मिळवणे हा होता, आणि तो हेतू आज अधिक चांगल्या रीतीने साधला जातो, हे मान्य करणेही प्रामाणिकपणाचे आहे.

युद्धोत्तर काळात सिंगल साइडबँड ही आवाजाच्या लहरीची एकच बाजू पाठवण्याची पद्धत हौशी मंडळींत रुळली आणि बांधणाऱ्यांपुढचा प्रश्न एकदम कठीण झाला. साध्या एएम प्रक्षेपणाला सुमारे ६ किलोहर्ट्झ जागा लागते, साइडबँडला त्याच्या निम्म्याहून कमी. मात्र त्यासाठी धारदार फिल्टर हवा आणि ऐकणाऱ्याची वारंवारता पन्नासएक हर्ट्झच्या आत जुळायला हवी, नाही तर आवाज विद्रूप होतो. याच वळणावर तयार संचांची वाट मोकळी झाली. आधी अमेरिकी आणि सत्तरच्या दशकात जपानी कंपन्यांनी असे संच आणले की त्यांच्या तोडीचे काम घरी करणे फार थोड्यांना जमे. हीथकिटसारख्या कंपन्यांच्या किटनी मधला मार्ग दिला. १९४७ मध्ये ऑसिलोस्कोपच्या किटपासून सुरू झालेला हा व्यवसाय १९९२ मध्ये बंद झाला. किट जोडणे म्हणजे काही खरे बांधणे नव्हे, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. मी त्यांच्याशी सहमत नाही. त्या किटबरोबरच्या पुस्तिकेत प्रत्येक भागाचे काम काय आणि जोडणी झाल्यावर मंडल कसे जुळवायचे, हे इतक्या स्वच्छ भाषेत दिलेले असे की एका किटमधून माणूस वर्षभराचा अभ्यासक्रम शिकून उठे.

ट्रान्झिस्टरने बांधणीचा आकार बदलला आणि तिला नवे बळही दिले. १२ डिसेंबर १९६१ रोजी अवकाशात गेलेला ऑस्कर-१ हा पहिला हौशी उपग्रह कॅलिफोर्नियातल्या हॅम मंडळींनी स्वतः बांधला होता. वजन साधारण साडेचार किलो, प्रक्षेपणाची शक्ती एक सप्तमांश वॉटच्या आसपास. तो मोर्समध्ये ‘एच आय’ ही दोन अक्षरे पुन्हा पुन्हा पाठवी आणि उपग्रहाच्या आतले तापमान बदलले की अक्षरांचा वेग बदले, म्हणजे तापमानाचा आकडा वेगळा न पाठवता घड्याळावर वेग मोजून तापमान कळे. इतक्या कमी भागांतून इतके काम काढणे, हे घरी बांधणाऱ्याच्या विचारसरणीचे अस्सल उदाहरण आहे. १९६८ च्या सुमारास डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हर पुन्हा प्रकाशात आला. येणारी लहर आणि घरचा ऑसिलेटर यांचे मिश्रण करून मधली कोणतीही पायरी न ठेवता थेट आवाज काढायचा ही त्याची रीत. त्यामुळे मूठभर भागांत ऐकण्याजोगा संच उभा राहू लागला, आणि पाच वॉट किंवा त्याहून कमी शक्तीवर जग गाठणाऱ्यांची एक परंपराच त्यातून घडली.

याच परंपरेतले एक मोठे काम आपल्या देशातून झाले आहे. हैदराबादचे अशर फरहान यांनी २००३ मध्ये बिटएक्स हा साइडबँड संच जगापुढे ठेवला. त्याची सारी रचना या एका विचारावर उभी होती की जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातल्या बांधणाऱ्याला भाग मिळाले पाहिजेत. महागड्या फिल्टरऐवजी संगणकात वापरले जाणारे स्वस्त १० मेगाहर्ट्झचे स्फटिक निवडून त्यांचा लॅडर म्हणजे शिडीसारख्या जोडणीचा फिल्टर केला. दुर्मीळ आयसीऐवजी साधे ट्रान्झिस्टर घेतले आणि तेच मंडल पाठवताना उलट दिशेने वापरले. कॉइल गुंडाळण्यासाठी खास गाभे मिळत नसतील तर नळाला लावायचे प्लॅस्टिकचे वॉशर घ्यावेत, अशी सोय त्यात होती. तयार संच सर्वत्र मिळू लागून तेव्हा काही दशके झाली होती, तरीही असंख्य लोकांनी हा संच बांधला, त्यात फेरफार केले आणि ते एकमेकांना कळवले. बांधण्याची कला तयार संचांनी मारली असेल, तर ही माणसे कोण होती, याचे उत्तर ‘कला संपली’ म्हणणाऱ्यांनी द्यावे.

त्यानंतरचे बदल अधिक खोल आहेत. घरच्या ऑसिलेटरची वारंवारता सरकू नये म्हणून पूर्वीचा बांधणारा कॉइल सिरॅमिकवर घट्ट गुंडाळी, तापमानाने न बदलणारे कंडेन्सर निवडी, सगळे जाड डबीत बंद करी आणि संच तापून स्थिर होईपर्यंत वाट पाही. आज एसआय ५३५१ ही नखाएवढी चिप २५ मेगाहर्ट्झच्या एका स्फटिकावरून हवी ती वारंवारता तयार करते आणि तिला सांगण्याचे काम एक छोटा मायक्रोकंट्रोलर करतो. यामुळे कष्ट वाचले हे खरे, पण महत्त्वाचे म्हणजे आधी अशक्य असलेल्या गोष्टी शक्य झाल्या. २०१७ मध्ये जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी एफटी८ ही अंकीय पद्धत दिली. टेलर हे द्वैती पल्सारच्या शोधासाठी १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ आणि स्वतः हॅम. एफटी८ मध्ये पंधरा सेकंदांचे पाळीपाळीने संदेश असतात, सगळा संकेत ५० हर्ट्झच्या पट्टीत मावतो आणि त्यातल्या आठ स्वरांमधले अंतर फक्त ६.२५ हर्ट्झ असते. कानाला ऐकू न येणारे संकेत संगणक उलगडतो. सरकणाऱ्या जुन्या ऑसिलेटरवर हे जमले नसते. आज मात्र घरी बांधलेल्या, खिशात मावणाऱ्या संचावर लोक एफटी८ चालवतात.

सॉफ्टवेअर रेडिओने तर मंडलाचा मोठा भाग गणितात नेला. अँटेनाकडून आलेल्या लहरीचे एकमेकांपासून ९० अंश अंतरावरचे दोन प्रवाह करून ते संगणकाच्या साउंड कार्डला द्यायचे. गाळणी, निवड, आवाज काढणे हे सारे प्रोग्रॅम करतो. दूरचित्रवाणी पाहण्यासाठी विकली जाणारी एक साधी यूएसबी कांडी कच्चे नमुने बाहेर देऊ शकते, हे २०१२ मध्ये लोकांच्या ध्यानात आले आणि रेडिओ लहरींचा मोठा पट्टा नवशिक्यालाही पडद्यावर प्रत्यक्ष दिसू लागला. यात सोल्डरिंग कमी आहे म्हणून हे बांधणे नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. मी तो गांभीर्याने घेतो, पण तो टिकत नाही. फिल्टर कॉइल आणि कंडेन्सरचा असो वा आकड्यांचा, तो का चालतो आणि कुठे कमी पडतो हे ज्याला कळते आणि जो तो बदलून पाहू शकतो, तो बांधणाराच आहे.

आता ज्या बदलाला मी सर्वांत मोठा मानतो त्याकडे येतो. २०१६ च्या सुमारास एका जपानी छांदिष्टाने नॅनोव्हीएनए या छोट्या उपकरणाची रचना केली आणि २०१९ मध्ये ते जगभर पोहोचले. अँटेना, फिल्टर किंवा कॉइल कोणत्या वारंवारतेला कशी वागते याचा आलेख ते पडद्यावर काढून देते. असे व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर त्यापूर्वी मुख्यतः प्रयोगशाळांत असत आणि बहुतेक हौशी माणसांच्या आवाक्याबाहेर होते. या उपकरणाच्या पोटात काय आहे हे पाहिले तर माझा मुद्दा अधिक स्पष्ट होतो: वारंवारता तयार करणारी तीच एसआय ५३५१, आणि घरगुती रिसीव्हरमध्ये वर्षानुवर्षे वापरले गेलेले एसए ६१२ हे दोन लहरींचे मिश्रण करणारे मिक्सर. रेडिओ बांधणाऱ्यांच्या ओळखीच्या भागांतूनच त्यांचे मोजमापाचे साधन जन्माला आले. हॅन्स समर्स यांच्या २०१७ च्या क्यूसीएक्स या मोर्स संचाच्या किटमध्ये तर व्होल्टमीटर, वारंवारता मोजणारे मंडल आणि जुळवणीसाठी लागणारा संकेत हे सगळे संचातच दिलेले होते; बांधलेले यंत्र स्वतःची जुळवणी तपासायला मदत करते.

याचा अर्थ प्रत्यक्ष टेबलावर काय होतो, ते एका उदाहरणाने सांगतो. ७ मेगाहर्ट्झच्या प्रक्षेपकाला लो-पास फिल्टर लागतो, आणि त्यासाठी टी५०-२ या तांबड्या रंगाच्या कडीसारख्या गाभ्यावर एनॅमलची तार गुंडाळावी लागते. या गाभ्याचे इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, दर वेढ्याच्या वर्गामागे ४.९ नॅनोहेन्री, म्हणजे सोळा वेढ्यांना साधारण सव्वा मायक्रोहेन्री. तार गाभ्याच्या भोकातून जितक्या वेळा जाते तितके वेढे धरायचे; भोकातून नुसती सरळ ओवलेली तार हाही एक वेढा असतो, आणि बाहेरून मोजणारे नवशिके इथे हमखास एकाने चुकतात. टोकांचे एनॅमल चाकूने खरवडायचे, तांबे चमकले की सोल्डर चढवायचा. हे सारे काम पन्नास वर्षांपूर्वी जसे होते तसेच आहे. फरक पुढे आहे. पूर्वी इथे सूत्रावर विश्वास ठेवून पुढे जात. आज फिल्टर उपकरणाला जोडला की ७ मेगाहर्ट्झला तो किती शक्ती खातो, १४ आणि २१ ला किती दाबतो, हे दिसते. दोन वेढे बोटाने जवळ सरकवले की पडद्यावरची रेघ डोळ्यांदेखत सरकते. सूत्रातले इंडक्टन्स आणि बोटाखालची तार यांचा संबंध त्या क्षणी विद्यार्थ्याला जसा कळतो, तसा तो माझ्या पिढीला फार उशिरा कळला.

या बदलांत गमावलेलेही बरेच आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. हवेच्या पात्यांचा गँग कंडेन्सर मिळणे कठीण झाले आहे. लांब पायांचे अनेक ओळखीचे आयसी आणि ट्रान्झिस्टर बनायचे थांबले. त्यांच्या जागी दोन मिलिमीटर लांबीचे किंवा त्याहून लहान भाग आले, जे चिमट्याने आणि भिंगाखाली बसवावे लागतात. वय झालेल्या हातांना आणि डोळ्यांना हे जड जाते. तरुणांना ते तितके जड जात नाही, असा माझा अनुभव आहे. यापेक्षा मला अधिक काळजी वाटते ती बंद पेट्यांची. काही अंकीय आवाज पद्धतींत आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारी प्रक्रिया एका कंपनीच्या मालकीच्या चिपमध्ये किंवा परवान्यात बंद आहे. चिप विकत घ्या आणि लावा. आत काय चालते ते विचारू नका. डी-स्टार या अंकीय पद्धतीत वापरलेला आवाजाचा कोडेक, म्हणजे हे रूपांतर करणारी रीत, या प्रकारचा आहे. याला उत्तर म्हणून ऑस्ट्रेलियातील डेव्हिड रोव यांनी कोडेक २ हा पूर्णपणे खुला कोडेक लिहिला, आणि त्यावर फ्रीडीव्हीसारख्या पद्धती उभ्या राहिल्या. कला संपण्याचा धोका असेल तर तो तयार संचात किंवा संगणकात नाही, उघडून पाहता न येणाऱ्या अशा भागांत आहे, आणि त्याविरुद्ध काम करणारे लोक आज सर्वांत खरे बांधणारे आहेत असे मी मानतो.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीत हौशी सेवेची जी व्याख्या आहे, तिच्यात स्वयंशिक्षणाचा उल्लेख सर्वांत आधी येतो आणि त्यानंतर परस्परसंपर्क व तांत्रिक संशोधन. आपत्तीतल्या मदतीमुळे या छंदाची ओळख समाजाला होते हे चांगलेच आहे, पण ती मदत करू शकणारा माणूस या स्वयंशिक्षणातून तयार होतो. बुडालेल्या गावात बॅटरी, तार आणि संच घेऊन बसलेल्या हॅमला अँटेना लहरीशी जुळत नसेल तर कुठे कापायची आणि कुठे लांबवायची हे उमगते, याचे कारण त्याने ते घरी करून पाहिलेले असते.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. हौशी रेडिओ मंडळांनी नव्या परवानाधारकाकडून पहिल्या वर्षात एक तरी गोष्ट बांधून घ्यावी: संपूर्ण संच नको, वर सांगितला तसा एक फिल्टर किंवा एक साधा डायपोल अँटेना पुरे, आणि त्याचे मोजमाप मंडळाच्या उपकरणावर त्याच्याकडूनच करून घेऊन ते नोंदवहीत लिहून ठेवावे. दुसरी सूचना बांधणाऱ्यांसाठी आहे. आपले मंडल, छापील पट्टीची आखणी आणि प्रोग्रॅम हे सर्व दुसऱ्याला वाचता आणि बदलता येईल अशा स्वरूपात खुले ठेवावे, कारण बिटएक्स आणि नॅनोव्हीएनए जगभर पसरले ते त्यामुळेच.

आपल्या पुरवणीत या विषयावर पुन्हा लेख येणार असेल, तर लेखकाने एखाद्या मंडळाच्या बांधणीच्या बैठकीला एक दुपार जरूर बसावे, अशी विनंती आहे. तिथे वीस वर्षांचा विद्यार्थी आणि सत्तरीचा निवृत्त तंत्रज्ञ एकाच पडद्यावरच्या रेघेवर वाद घालताना त्यांना दिसतील, आणि त्या वादात कोण कोणाला शिकवतो आहे हे त्यांनी स्वतः पाहून लिहावे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक परवानाधारक हौशी रेडिओ चालक